कवटीच्या तळाची आणि मानेच्या वरच्या मणक्यांची गाठ: ऑपरेशनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यूरोसर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) नर्स म्हणून काम करते त्यामुळे नातेवाइकांशी बोलणं रोजचंच, आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. सर्जन राउंडला येतात तेव्हा माणूस गांगरलेला असतो, काय विचारायचं होतं तेच आठवत नाही, आणि मग ते पुढे गेले की मला दारात थांबवून विचारतात. ती उत्तरं इथे एका जागी लिहून काढली आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या सर्जनचाच, पण तो कशावरून होतो हे माहीत असलं की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

कवटीचा तळ म्हणजे नेमकं कुठे?

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ती जमीन. डोळ्यांच्या खोबणींच्या आणि नाकाच्या वरून सुरू होते, कानांच्या मधून मागे मानेपर्यंत जाते. ही जमीन सपाट नाही, तीन पायऱ्या आहेत, पुढची उंच, मधली खाली आणि मागची सगळ्यात खोल. या जमिनीत भोकं आहेत आणि सगळी अडचण त्या भोकांमुळे आहे, कारण मेंदूतून निघणाऱ्या 12 नसांच्या जोड्या, मेंदूला रक्त देणाऱ्या दोन कॅरोटिड आणि दोन व्हर्टिब्रल आर्टऱ्या याच भोकांतून ये-जा करतात. मागचं सगळ्यात मोठं भोक मज्जारज्जूचं, आणि त्याच्या लगेच खाली मानेचा पहिला मणका सी-1, जो नुसती हाडाची कडी आहे, आणि दुसरा सी-2, ज्याला वर एक दातासारखा खुंट असतो आणि तो खुंट त्या कडीत बसतो. म्हणून इथली गाठ बऱ्याचदा अर्धी कवटीत आणि अर्धी मानेत असते आणि दोन्हीकडचा विचार एकत्रच करावा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपण "नस" म्हणतो तेव्हा कधी मज्जातंतू म्हणायचा असतो, कधी रक्तवाहिनी. दोन्हीचे धोके वेगळे आहेत, एकाला धक्का लागला तर चेहरा वाकडा होईल किंवा गिळता येणार नाही, दुसरीला लागला तर रक्तस्राव किंवा लकवा. डॉक्टर "नसेला चिकटलीय" म्हणाले तर कुठल्या नसेला ते तिथेच विचारा. खाली मी नस म्हणजे मज्जातंतू आणि आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी असंच लिहिलंय.

ही गाठ कॅन्सरची असते का?

बहुतेक वेळा नाही. पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीची) गाठ, मेंदूच्या आवरणाची मेनिन्जिओमा, ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची श्वानोमा, पिट्यूटरीजवळ उगवणारी क्रेनिओफॅरिंजिओमा, या बहुतेक साध्या असतात. पण "साधी" हा शब्द इथे फसवतो, कारण गाठ पसरणारी नसली तरी जागा इतकी अडचणीची आहे की दोन सेंटीमीटरची गाठ ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारं खोड, दाबू शकते. कॉर्डोमा आणि काँड्रोसार्कोमा या हाडातल्या घातक गाठी. कॉर्डोमा फार दुर्मिळ, वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो. गर्भात मणका तयार होताना जो दोरीसारखा भाग असतो त्याचे उरलेले कण पुढे कधीतरी वाढायला लागतात. तो हळू वाढतो पण परत येण्याची खोड जबरदस्त. याशिवाय दुसरीकडच्या कॅन्सरची मुळं मानेच्या मणक्यात येऊ शकतात, तिथे उपचाराचं गणितच बदलतं.

आधी बायोप्सी करून का बघत नाहीत?

श्वानोमा, मेनिन्जिओमा या एमआरआयवर बऱ्यापैकी ओळखू येतात, त्यासाठी वेगळी सुई घालण्यात अर्थ नसतो. पॅरागँग्लिओमा, ज्याला जुने लोक ग्लोमस म्हणतात, तो रक्तानेच भरलेला असतो, त्याला उगाच टोचत नाहीत. उलट हाडातली गाठ असेल आणि कॉर्डोमाचा संशय असेल तर नाकातून तुकडा घेऊन बघणं खूप कामाचं ठरतं. आणि पिट्यूटरीच्या गाठीत प्रोलॅक्टिनची (दूध आणणाऱ्या हार्मोनची) तपासणी झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर पहिला उपाय गोळ्या असतो आणि पुष्कळ जणांची गाठ गोळ्यांनीच आक्रसते.

नाकातून, कानामागून की मानेतून, हे ठरवतात कसं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि सगळ्यात कमी विचारला जाणाराही हाच. लोकांना वाटतं सर्जनला जे येतं ते तो करतो, किंवा दुर्बीण म्हणजे नवीन आणि कवटी उघडणं म्हणजे जुनं. खरा नियम वेगळाच आहे. आत शिरताना आधी गाठ लागली पाहिजे, नसा पलीकडे राहिल्या पाहिजेत. नसा ओलांडून गाठीकडे जायचं नाही.

उदाहरणं बघा म्हणजे लक्षात येईल. पिट्यूटरीच्या जरा पुढे, मध्यावर उगवलेली मेनिन्जिओमा डोळ्यांच्या नसांना वर आणि बाजूला ढकलते. खालून, नाकाच्या बाजूने गेलं की आधी गाठ लागते आणि नसा तिच्या वर असतात. पण तीच गाठ बाजूला पसरून कॅरोटिडच्या किंवा डोळ्याच्या नसेच्या बाहेर गेली असेल तर नाकातून तिथे हात पोचत नाही, मग कपाळाच्या बाजूने कवटी उघडणंच बरं. ऐकण्याच्या नसेवरची श्वानोमा चेहऱ्याच्या नसेला बहुतेक वेळा पुढे ढकलते, म्हणून कानामागून गेलं की आधी गाठ आणि मग नस. कवटीच्या मोठ्या भोकाच्या पुढच्या बाजूची मेनिन्जिओमा मज्जारज्जूच्या समोर असते, सरळ मागून गेलं तर मज्जारज्जू मधे आडवा येतो आणि त्याला तर हात लावायचा नसतो, म्हणून सर्जन बाजूने जातात, सी-1 ची अर्धी कडी आणि कवटीच्या सांध्याचं थोडं हाड घासून तिरका रस्ता करतात, आणि त्या तिरक्या रस्त्यावरून मज्जारज्जूला न हलवता गाठ दिसते. हाड जास्त काढायचं आणि मेंदू कमी हलवायचा, या सगळ्या शास्त्राचा पाया हा आहे. जखम मोठी दिसली म्हणून घाबरू नका, ते हाड मेंदू वाचवण्यासाठी काढलेलं असतं.

म्हणून सर्जनना विचारा, "नसा गाठीच्या कुठल्या बाजूला आहेत?" चांगला सर्जन एमआरआय लाइटबॉक्सवर लावून बोटाने दाखवतो.

नाकातून मेंदूचं ऑपरेशन, हे खरंच होतं का? नवीन प्रयोग तर नाही?

प्रयोग मुळीच नाही. नाकाच्या रस्त्याने पिट्यूटरीची गाठ हर्मान श्लोफर यांनी 1907 मध्येच काढली होती. पुढे हार्वी कुशिंग यांनी हा रस्ता खूप वापरला, नंतर उजेड आणि नजर पुरत नाही म्हणून तो मागे पडला, आणि 1960 च्या दशकात ज्यूल्स हार्डी यांनी मायक्रोस्कोप आणल्यावर परत उभा राहिला. दुर्बिणीचं म्हणाल तर पिट्सबर्गच्या जो आणि कॅराउ यांनी 1997 मध्ये 50 पेशंटचा अनुभव छापला, त्यानंतर हे सगळीकडे पसरलं.

दुर्बीण साधारण 4 मिलिमीटर जाड असते, दोन्ही नाकपुड्यांतून काम चालतं, एका बाजूला ईएनटीचे डॉक्टर दुर्बीण धरतात आणि न्यूरोसर्जन दोन्ही हातांनी काम करतात. बाहेर एकही टाका नाही. पण बाहेर टाका नाही म्हणून ऑपरेशन छोटं असा समज करून घेऊ नका, आत तेवढंच मोठं काम असतं. नाकाच्या मागे स्फिनॉइड नावाची हवेची पोकळी, तिची मागची भिंत उघडली की पिट्यूटरी, तिच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड, आणि खाली क्लायव्हस नावाचं तिरकं हाड, ज्याच्या लगेच मागे ब्रेनस्टेम. कवटीतला कॉर्डोमा बहुतेक वेळा याच क्लायव्हसमध्ये होतो.

ड्रिल चालवतात म्हणजे काय? आतलं काही कापलं जात नाही का?

हे मी शेकडो वेळा पाहिलंय तरी प्रत्येक वेळी श्वास धरला जातो. टोकाला हिऱ्याचे कण बसवलेला गोल बर, म्हणजे ड्रिलचं फिरणारं टोक असतं, ज्वारीच्या दाण्याएवढा, तो मिनिटाला हजारो वेळा फिरतो पण हाडावर टेकवायचा नसतो, नुसता चाटत न्यायचा. मी सतत पाणी सोडत असते कारण घर्षणाने हाड तापतं आणि त्या उष्णतेने शेजारची नस भाजू शकते. हाड पातळ होत होत अंड्याच्या टरफलासारखं होतं, मग त्यातून पलीकडचा रंग दिसायला लागतो, आणि कॅरोटिड जवळ आली की सर्जन थांबून रक्ताचा प्रवाह ऐकवणारा छोटा डॉप्लर लावतात आणि ओटीत तिचा फस फस आवाज येतो. तो आवाज ऐकून सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग पुढचं टरफल ड्रिलने नाही, हाताच्या बारीक हत्याराने सोलून काढतात. जीपीएससारखं नेव्हिगेशन असतं, स्क्रीनवर टोक कुठे आहे ते दिसतं, पण कुठलाही सर्जन नुसत्या त्याच्यावर विसंबत नाही.

गाठ एकसंध बाहेर का काढत नाहीत? तुकडे केले तर पसरत नाही का?

प्रश्न अगदी बरोबर आहे, विशेषतः कॉर्डोमाच्या बाबतीत. कमरेखालच्या त्रिकास्थीत कॉर्डोमा असेल तर आजूबाजूच्या निरोगी भागासकट एकसंध काढायचा प्रयत्न करतात. पण कवटीच्या तळाला आणि सी-1, सी-2 ला ते बहुतेक वेळा शक्यच होत नाही, कारण गाठीभोवती जे "निरोगी मार्जिन" घ्यायचं ते म्हणजे ब्रेनस्टेम, आर्टऱ्या आणि गिळण्याच्या नसा. ते कापून चालत नाही. म्हणून गाठ आतून पोकळ करतात, अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटर नावाचं यंत्र गाठीचा मऊ भाग कंपनांनी फोडून ओढून घेतं, आणि बाहेरचं कवच सैल झालं की ते नसांपासून हळूहळू सोडवून घेतात. पेरूचा गर चमच्याने काढल्यावर साल जशी आत दुमडते तसं.

पूर्ण निघेल ना?

दहापैकी दहा घरं हे विचारतात, आणि मी दहाही जणांना सांगते की हा प्रश्न थोडा फिरवून विचारा: "किती ठेवायची तयारी आहे, कुठे, आणि का?" सर्जननी जाणूनबुजून ठेवलेला पातळ थर आणि पोचता आलं नाही म्हणून राहिलेली गाठ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. श्वानोमाचा दोन मिलिमीटरचा थर चेहऱ्याच्या नसेवर ठेवला तर तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, वाढला तर त्यावर रेडिएशन देता येतं, पण तोडलेली नस परत पहिल्यासारखी होत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला वाकडा चेहरा, न मिटणारा डोळा आणि "गाठ शून्य" हा रिपोर्ट देण्यापेक्षा तो थर ठेवलेला बरा, असं मला मनापासून वाटतं.

कॉर्डोमात मात्र गणित उलटं आहे. तिथे पहिल्याच ऑपरेशनमध्ये जितकी निघेल तितकी काढायची, कारण दुसऱ्या वेळी सगळं चिकटलेलं असतं. आणि राहणार असेल तर ब्रेनस्टेमला लागून राहू द्यायची नाही. यामागे साधा हिशोब आहे, कॉर्डोमा दाबायला 70 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) वर रेडिएशन लागतं आणि ब्रेनस्टेमला साधारण 54 ग्रेच्या पुढे जाताना फार जपावं लागतं. मधे काही मिलिमीटरची फट असेल तरच पूर्ण डोस देता येतो, ती फट तयार करणं हे सर्जनचं काम. म्हणून असं ऑपरेशन रेडिएशनच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठरलं पाहिजे.

मानेच्या ऑपरेशननंतर मान वळेल का?

मान डावी-उजवीकडे जितकी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं एकट्या सी-1 आणि सी-2 च्या मधे होतं, आणि "हो" म्हणताना मान हलते त्यातला मोठा वाटा कवटी आणि सी-1 च्या सांध्याचा. गाठीने हे हाड पोखरलं असेल किंवा रस्ता करताना सांध्याचं बरंच हाड गेलं असेल तर डोकं मानेवर डगमगतं, आणि हे डगमगणं मज्जारज्जूला धोकादायक. मग स्क्रू आणि रॉड टाकून जोडावं लागतं. सी-1 आणि सी-2 मध्ये थेट स्क्रू बसवायची पद्धत डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी 1994 मध्ये मांडली, नंतर 2001 मध्ये युर्गेन हार्म्स यांनी त्यात रॉड आणले, आज जगभर ती गोयल आणि हार्म्स या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

खरं सांगायचं तर जोडल्यानंतर मागे बघायला खांद्यासकट वळावं लागतं, गाडी चालवताना हे पहिल्यांदा जाणवतं. पण नुसती सी-1, सी-2 जोडली तर खाली-वर बघणं बऱ्यापैकी राहतं. कवटीसकट जोडावं लागलं तर ते पण कमी होतं, आणि तेव्हा डोकं कुठल्या कोनात बसवलंय याला फार महत्त्व असतं, नजर सरळ समोर पाहिजे आणि घास गिळता आला पाहिजे. फक्त मज्जारज्जूच्या आवरणातली छोटी गाठ असेल आणि सांधे शाबूत असतील तर स्क्रू लागतही नाहीत.

तोंडातून ऑपरेशन करतात असं ऐकलं?

करतात, सी-2 च्या खुंटापर्यंत पोचायला घशाच्या मागच्या भिंतीतून सरळ रस्ता आहे. पण तोंडातले जंतू आणि नंतर गिळण्याचा त्रास यामुळे आता जमेल तिथे नाकातून दुर्बिणीने जातात, 2005 मध्ये कसाम आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. टाळूच्या हाडाच्या फार खाली गाठ असेल तर नाकातून पोचत नाही, तिथे तोंडाचा रस्ता अजूनही लागतो.

आर्टरी गाठीत गुंतलीय म्हणाले, ती बंद केली तर?

व्हर्टिब्रल आर्टरी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर येते आणि सी-1 वर वळसा घालून कवटीत शिरते, म्हणजे ऐन ऑपरेशनच्या जागेत. दोन असतात पण दोन्ही सारख्या नसतात, एखाद्याची एक जाड आणि एक दोऱ्यासारखी असते. जाड असलेली बंद करायची वेळ येण्याची शक्यता असेल तर आधी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) आतून फुगा फुगवून ती थोडा वेळ बंद करून बघतात, पेशंट जागा असतो, हात-पाय, बोलणं तपासत राहतात. गाठ फार रक्ताळ असेल तर ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी तिचा रक्तपुरवठाही असाच आतून बंद करतात.

भूल देताना काही वेगळं?

मान डगमगत असेल तर भुलीचे डॉक्टर पेशंट जागा असतानाच घसा बधिर करून बारीक दुर्बिणीवरून श्वासाची नळी घालतात. ऐकायला भीती वाटते, पण मान मागे न वाकवता नळी घालायचा हा सुरक्षित मार्ग आहे. डोकं तीन पिनांच्या चौकटीत घट्ट धरतात, नंतर कपाळावर छोटे डाग दिसले तर ते त्याचे. आणि चेहरा, जीभ, हात-पाय इथे बारीक सुया लावून नसांवर सतत लक्ष ठेवतात. नसेला धक्का लागला की मशीनमधून कडकड आवाज येतो आणि सर्जनचा हात जागेवर थांबतो.

नाकातून पाणी गळलं तर?

हे नीट वाचा. मेंदूभोवती साधारण 150 मिली पाणी असतं आणि रोज अर्धा लिटर नवीन बनतं, म्हणजे भोक राहिलं तर गळती आपोआप थांबेलच असं नाही, आणि नाकातले जंतू त्याच भोकातून वर जाऊन मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग होतो. पूर्वी नाकातून मोठी ऑपरेशनं करायला सर्जन कचरायचे ते याच कारणामुळे. 2006 मध्ये हदाद आणि बसागास्तेगी यांनी नाकाच्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून भोकावर फिरवून बसवायची पद्धत छापली आणि गळतीचं प्रमाण एकदम खाली आलं. जिवंत कातडं असल्यामुळे ते चिकटून जगतं. त्याखाली पोटाची चरबी किंवा मांडीचा पडदाही भरतात, म्हणून मांडीवर टाका दिसला तर गोंधळू नका.

घरी गेल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, वाकून वजन उचलायचं नाही, बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही कारण कुंथल्यावर डोक्यातला दाब वाढतो. विमानप्रवास सर्जननी हो म्हटल्याशिवाय नाही. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपटप पडलं, घशात खारट लागलं, किंवा ताप येऊन मान ताठ झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी हॉस्पिटलला या. थोडं पाणी स्वच्छ बाटलीत धरून आणलंत तर लॅबमध्ये बीटा-2 ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन तपासून ते मेंदूतलं की नाकातलं हे कळतं. नाकात खपल्या धरणं आणि वास न येणं हे मात्र काही आठवडे चालतं, ते सलाइनच्या धुण्याने सुधारतं.

पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतर लघवी खूप होतेय, हे डॉक्टरांना सांगायचं का?

सांगायलाच हवं. दर तासाला बादलीभर वाटावी अशी पाण्यासारखी लघवी आणि न भागणारी तहान म्हणजे पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडलंय, औषध आहे. आणि उलट बाजू, घरी गेल्यावर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सोडियम घसरू शकतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त होतो, घरच्यांना वाटतं थकवा आहे. त्या आठवड्यातली सोडियमची तपासणी चुकवू नका. स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर मनाने बंद करायची नाही.

गिळता येत नाही, आवाज बसलाय, परत येईल का?

गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा ताणल्या गेल्या असतील तर पुष्कळ जणांचं आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं, आणि एका बाजूची नस गेली तरी दुसरी बाजू हळूहळू काम उचलते. तोपर्यंत नाकातली नळी, कधी पोटातली, कधी गळ्यात श्वासाची नळी. लोक गळ्यातल्या नळीला फार घाबरतात, पण फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया तिच्यापेक्षा कितीतरी वाईट. स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासेपर्यंत प्रेमाने चमचाभर पाणीसुद्धा पाजू नका.

चेहरा वाकडा झाला तर आधी काय बघायचं?

डोळा. मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून चिकटपट्टी, पहिल्या दिवसापासून. चेहऱ्याचा व्यायाम त्यानंतर.

रेडिएशन ऑपरेशनच्या ऐवजी चालेल का?

छोट्या श्वानोमाला आणि काही मेनिन्जिओमांना चालतं, लार्स लेक्सेल यांनी 1960 च्या दशकात स्टॉकहोममध्ये तयार केलेला गामा नाइफ यासाठी वापरतात, नावात सुरी असली तरी कापत काहीच नाही. ब्रेनस्टेम दाबणाऱ्या मोठ्या गाठीला नुसतं रेडिएशन पुरत नाही, कारण दाब लगेच उतरत नाही. कॉर्डोमासाठी प्रोटॉन, म्हणजे कणांचं रेडिएशन, जास्त सोयीचा, तो ठराविक खोलीवर आपली शक्ती सोडतो आणि पुढे जवळजवळ काहीच जात नाही.

किती वर्षं तपासत राहायचं?

साधारण तीन महिन्यांनी पहिला एमआरआय, कारण त्याआधी सूज आणि भरलेली चरबी गाठीसारखी दिसते. मग गाठीप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. कॉर्डोमाला दहा वर्षं झाली तरी सोडत नाहीत. आणि नुसता रिपोर्टचा कागद नको, प्रत्येक एमआरआयची सीडी किंवा फाइल जपून ठेवा, ऑपरेशनच्या आधीची तर नक्कीच. नवीन फिल्मवर दिसणारा ठिपका गाठ आहे की सर्जननी मुद्दाम ठेवलेला थर आहे, हे जुनी फिल्म शेजारी लावल्यावरच कळतं.